वस्तू जिथे पडते, तिथेच तिची जागा करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात चार माणसं, त्यांतली दोन मुलं शाळेत जाणारी. दर रविवारी चार-पाच तास आवरता आणि बुधवारपर्यंत सगळं जैसे थे. कुणी येणार असा फोन आला की छातीत धस्स होतं. घर नीटनेटकं, शांत आणि येणाऱ्याला बरं वाटेल असं व्हावं, त्यासाठी आणखी एक मोठं कपाट घ्यावं का?

कपाट आत्ता घेऊ नका, ताई. आणि येत्या रविवारी आवरायलाही बसू नका. त्याऐवजी आठ दिवस एक वही हाताशी ठेवा आणि घरात कुठली वस्तू कुठे पडते तेवढंच टिपून ठेवा. दप्तर कुठे टाकलं जातं, किल्ल्या कुठे, चष्मा कुठे, बाहेरून आल्यावर अंगातला शर्ट कुठे, पाण्याची बाटली कुठे, आलेली बिलं कुठे. या आठ दिवसांत कुणाला रागवायचं नाही, आणि अगदी पायात येईल तेवढंच उचलायचं.

मी गेली अठरा वर्षं लोकांची घरं लावून देते. ही वही भरली की प्रत्येक घरात एकच गोष्ट दिसते. पसारा घरभर नसतो. तो ठरलेल्या चार-पाच जागी होतो, रोज तिथेच होतो आणि रोज त्याच वस्तूंचा होतो. याचा अर्थ तुमच्या घरच्यांनी त्या वस्तूंची जागा केव्हाच ठरवून टाकली आहे. तिथे खुंटी, टोपली किंवा कप्पा तेवढा नाही. तुम्ही दर रविवारी त्या वस्तू उचलून तुम्हाला योग्य वाटणाऱ्या जागी नेऊन ठेवता आणि सोमवारी संध्याकाळी दमून आलेला माणूस त्या परत त्याच्या जागी टाकतो. तुम्ही कितीही जोर लावलात तरी दमलेल्या माणसाचीच सरशी होते. म्हणून माझ्या सगळ्या कामाचा पाया एवढाच आहे: वस्तू जिथे पडते तिथे, किंवा तिथून हातभर अंतरावर, तिची जागा करायची.

एक उदाहरण जवळून सांगते. झोपायच्या खोलीतली खुर्ची. बहुतेक घरांत ती असते आणि तिच्यावर कधीच कुणी बसत नाही. सगळ्यात खाली जीन्स, पाठीवर दोन कुर्ते, एकाची बाही जमिनीला टेकलेली, वर स्वेटर आणि त्यावर दमट टॉवेल. लोक सांगतात, आमच्याकडे घड्या घालायचा कंटाळा आहे. मी तो ढीग एकेक कपडा उचलत विचारते: हा धुवायचा आहे? नाही. धुतलेल्यांत ठेवता येईल? नाही, एकदा घातलाय. टॉवेल सोडला तर सगळ्या ढिगाचं उत्तर तेच येतं. घरात धुतलेल्या कपड्यांना कपाट आहे, मळक्या कपड्यांना बादली आहे आणि एकदा घातलेल्या कपड्यांना जागाच नाही. खुर्ची काढून टाकली तर ढीग पलंगावर जातो. त्याच भिंतीवर, खुर्ची होती तिथेच, माणशी दोन खुंट्या ठोकल्या की ढीग थांबतो. दोनच ठोका. चार ठोकल्या तर चारही भरतात आणि कपड्यावर कपडे चढू लागतात.

खुंटीच का, हँगर का नको? हालचाली मोजून बघा. खुंटीला एक हालचाल. हँगरला कपाट उघडा, हँगर काढा, कपडा चढवा, हँगर परत अडकवा, दार लावा, अशा पाच. सकाळी अंगात उत्साह असतो तेव्हा पाच हालचाली होतात, रात्री होत नाहीत. रोज लागणारी वस्तू एका, फार तर दोन हालचालींत ठेवता आली पाहिजे. आठवड्याला लागणारीला तीन चालतील. वर्षाकाठी एकदा लागणारीसाठी स्टुलावर चढावं लागलं तरी हरकत नाही. एकावर एक रचलेले झाकणाचे सुंदर डबे रोजच्या वस्तूंसाठी मी कधीच सुचवत नाही. सर्वांत खालच्या डब्यातली वस्तू काढायला वरचे तीन डबे उचलावे लागतात, आणि तीन दिवसांत ती वस्तू डब्याबाहेर मुक्कामाला येते. उघडी टोपली दिसायला साधी असते, पण टिकते.

मुलांच्या बाबतीत उंचीही बघा. दप्तराची खुंटी मोठ्या माणसाच्या खांद्याला लावली असेल तर आठ वर्षांचं मूल दप्तर जमिनीवरच टाकणार. ती त्याच्या खांद्याच्या उंचीला आणा आणि दारापासून पाच पावलांच्या आत लावा. मोठ्यांच्या रोजच्या वस्तू गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात हव्यात. वाकावं लागत नाही आणि टाचाही उंचवाव्या लागत नाहीत, एवढा हा पट्टा. घरातली सर्वांत मोक्याची जागा हीच, आणि नेमक्या याच जागेत बहुतेक घरांमध्ये कधीतरी लागणारी, ठेवणीतली भांडी बसलेली असतात. जड वस्तू कंबरेच्या खाली, हलक्या आणि क्वचित लागणाऱ्या डोक्याच्या वर.

पावलं आणि हालचाली मोजून घर लावायची ही कल्पना जुनी आहे. १९२६ साली वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातल्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रुंदी सुमारे १.९ मीटर, लांबी सुमारे ३.४ मीटर. रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये चिंचोळ्या जागेत काम कसं उरकतं ते त्यांनी डोळ्यांपुढे ठेवलं होतं आणि कुठल्या कामाला किती वेळ, किती पावलं लागतात याचा हिशेब मांडला होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आजच्या ओट्याखालच्या आणि ओट्यावरच्या सलग कपाटांची मुळं तिथे सापडतात. पण त्याच स्वयंपाकघरावर पुढे आक्षेपही घेतला गेला: ते इतकं अरुंद होतं की एकाच माणसाला काम करता येई, आणि काम करणारी बाई घरातल्या बाकीच्यांपासून तुटून पडे. हा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. पावलं वाचवता वाचवता शेजारी उभं राहून बोलणाऱ्या माणसाची जागाच नाहीशी झाली, तर ते घर आवरलेलं असेल, पण त्यात ऊब नसेल. ओट्याजवळ एक स्टूल ठेवायला जागा असेल तर ती कपाटाने भरू नका.

आता काढून टाकण्याबद्दल. हे काम वही भरल्यानंतरचं. सुरुवात आठवणींच्या वस्तूंनी करू नका, तिथे हात अडखळतो. सुरुवात मेलेल्या वस्तूंनी करा. प्रत्येक घरात एक खण असा असतो, ज्यात कशालाच न लागणारी किल्ली असते, तीन फोनांपूर्वीचा चार्जर असतो, संपलेले आणि चालू सेल एकत्र असतात, टोपण नसलेली पेनं, विकून टाकलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड आणि चिकटून एक झालेले रबरबँड असतात. तो खण जमिनीवर जुन्या चादरीवर पालथा करा. अर्ध्या तासात संपतो, वाईट कशाचंच वाटत नाही आणि रिकामी जागा डोळ्यांना दिसते. त्या दिवशी तेवढंच पुरे. सेल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू मात्र रोजच्या कचऱ्यात टाकू नका, त्या वेगळ्या गोळा करून द्यायच्या असतात.

पुढच्या वस्तूंना हात घालताना एक ओढ जाणवेल: हे टाकायला नको, चांगलं आहे. ही ओढ सगळ्यांना असते. डॅनियल काहनेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना कॉफीचे साधे मग देऊन टाकले आणि विचारलं, केवढ्याला विकाल? ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? हातात मग आलेल्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. तोच मग, काही मिनिटांचीच मालकी. म्हणून ‘ही वस्तू चांगली आहे का?’ हा प्रश्न मी कधी विचारत नाही, कारण उत्तर नेहमी ‘हो’ येतं. मी विचारते, ‘ही आज तुमच्याकडे नसती, तर तुम्ही आज दुकानातून आणली असती का?’ बरेच हात या प्रश्नावर सैल होतात.

आठवणींच्या वस्तूंना हा प्रश्न लावू नका. मागे मी एका बाईंकडे गेले होते, त्यांचे पती जाऊन वर्ष झालं होतं. कपाटाचा अर्धा भाग त्यांच्या शर्टांचा. नातेवाईक सांगत होते, काढून टाका म्हणजे मोकळं वाटेल. आम्ही एकही शर्ट काढला नाही. घरभर विखुरलेल्या त्यांच्या वस्तू, घड्याळ, चष्मा, डायऱ्या, तेवढ्या एका कप्प्यात एकत्र आणल्या. सात महिन्यांनी त्यांचाच फोन आला की आता बघूया. त्यांनी दोन शर्ट ठेवले आणि बाकीचे स्वतःच्या हातांनी घड्या घालून दिले. अशा कामाला मुहूर्त ज्याचा त्याने काढायचा असतो.

आणि एक कळकळीची विनंती: नवऱ्याच्या, सासूबाईंच्या किंवा मुलांच्या वस्तू त्यांच्या नकळत काढू नका. ‘लक्षातही येणार नाही’ असं वाटतं, पण येतं, आणि मग तो माणूस उरलेली प्रत्येक वस्तू घट्ट धरून बसतो. आधी स्वतःचा कप्पा करा. मी पाहिलेल्या घरांमध्ये एकाचा कप्पा मोकळा झाला की दुसरा आपण होऊन विचारायला येतो. हे थोडं सावकाश होतं, पण त्यात कुणाचं मन मोडत नाही. घरातल्या एखाद्याला कुठलीच वस्तू, अगदी कागदाचा कपटाही, टाकणं असह्य होत असेल आणि खोल्या वापरता येईनाशा झाल्या असतील, तर तो आळस समजू नका. अतिसंचयाच्या या विकाराला अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली स्वतंत्र निदान म्हणून नोंदवलं आहे आणि त्यावर उपचार आहेत. तिथे माझ्यासारखीची नव्हे, मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते.

जे ठेवाल ते ठेवताना प्रत्येक खणाचा साधारण पाचवा भाग रिकामा सोडा. ठासून भरलेल्या खणातून वस्तू बाहेर ओढता येते, पण ती परत आत जात नाही. ती वर राहते आणि तिच्या सोबतीला दुसरी येते.

शांततेचं म्हणाल तर ती आवरण्याने अर्धीच येते. २०११ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की नजरेच्या टप्प्यात एकाच वेळी असलेल्या अनेक गोष्टी मेंदूच्या दृश्य भागात एकमेकींशी स्पर्धा करतात, आणि हव्या त्या गोष्टीवर लक्ष ठेवायला मेंदूला जास्त राबावं लागतं. कॅलिफोर्नियात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्या बायकांनी आपल्या घराचं वर्णन पसाऱ्याच्या आणि अर्धवट राहिलेल्या कामांच्या शब्दांत केलं, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दिवस मावळताना जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पसाऱ्यामुळे ताण की ताणामुळे पसारा, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण ‘घरी आलं की आणखीच थकायला होतं’ असं तुम्ही लिहिलंय, ती नुसती कुरकुर नाही एवढं त्यातून नक्की समजतं.

म्हणून सगळं घर एकदम शांत करायला जाऊ नका. दोन दृश्यं निवडा: दार उघडल्यावर समोर पहिलं दिसतं ते आणि सकाळी डोळे उघडल्यावर उशीवरून दिसतं ते. ही दोन मोकळी ठेवा. कपाटावर रचलेल्या बॅगा आणि खोकी उशीवरून रोज दिसत असतील तर आधी त्या हलवा. अर्धवट कामं, म्हणजे उसवलेली शिलाई, भरायचा फॉर्म, परत द्यायची वस्तू, अशी घरभर उघडी पडू देऊ नका. ती सगळी एका टोपलीत घाला आणि टोपली नजरेआड ठेवा. आठवड्यातून एकदा तेवढी टोपली घेऊन बसा.

उजेडाकडे लोक फार कमी लक्ष देतात आणि मला तर तिथे सर्वांत मोठा फरक दिसतो. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, कामाचा उजेड. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, संध्याकाळचा. छताच्या मधोमध लावलेला एकच ६५०० चा दिवा रात्रभर जळत असेल तर खोली दवाखान्याच्या बाहेरच्या बाकासारखी वाटते. तो अभ्यासाला आणि कामाला असू द्या. सूर्य मावळल्यावर तो बंद करून डोळ्यांच्या उंचीखाली, कोपऱ्यांत, दोन पिवळसर दिवे लावा. भिंतींना नवा रंग द्यायच्या आधी हे करून बघा.

आवाजासाठी: फरशी, काच आणि कोऱ्या भिंती आवाज परत फेकतात, जाड पडदे, सतरंजी, गाद्या आणि पुस्तकांचं कपाट तो गिळतात. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या चिकटवा, करकरणाऱ्या बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडा. वासासाठी सुगंधी फवारे मारू नका, मूळ शोधा. ते बहुतेक वेळा ओल असतं. घरातली सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहिलेली बरी, ६० च्या वर बुरशीला निमंत्रण मिळतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि समोरासमोरच्या खिडक्या रोज थोडा वेळ एकदम उघडा.

येणाऱ्याला बरं वाटणं ही मात्र वेगळीच गोष्ट आहे, आणि तिचा चकचकीतपणाशी संबंध फार थोडा. १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांना वृद्ध स्त्रियांच्या एका वॉर्डाचा अभ्यास करायला सांगितलं गेलं. वॉर्ड नुकताच नवा केलेला, रंगवलेला, स्वच्छ. तरी बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. खुर्च्या भिंतींना पाठ लावून ओळीने मांडलेल्या होत्या. सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्या छोट्या टेबलांभोवती आणल्या. काही आठवड्यांत बोलण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. माणसं तीच, खोली तीच.

तुमच्या बैठकीच्या खोलीत बघा, सगळ्या खुर्च्या भिंतीला चिकटून टीव्हीकडे तोंड करून आहेत का? दोन आसनं काटकोनात आणा, मध्ये साधारण सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवा. काटकोनात बसलेल्यांना बोलताना डोळ्यांत पाहता येतं आणि गप्प बसावंसं वाटलं तर नजर दुसरीकडे वळवताही येते. अगदी समोरासमोर बसवलं की मुलाखतीसारखं होतं. प्रत्येक आसनाच्या हाताशी पेला ठेवायला काहीतरी असू द्या, नाहीतर माणूस हातात पेला धरून अवघडून बसतो.

मग एक दिवस बाहेरून आल्यासारखं दारातून आत या. चपला कुठे काढायच्या हे न विचारता समजतं का? पिशवी, छत्री कुठे ठेवायची? मग पाहुण्यांच्या खुर्चीवर जाऊन दहा मिनिटं नुसतं बसा. मी हे प्रत्येक घरी करते, आणि आजवर एकाही घरात घरमालकांनी हे आधी केलेलं नव्हतं. तिथून काय दिसतं? कुणाला आत झोपायच्या खोलीतला ढीग थेट दिसतो, कुणाच्या तोंडावर ऊन येतं, कुणाच्या पाठीत खिडकीचा वारा. शेवटी बाथरूममध्ये जा. आतली कडी नीट लागते का, पुसायला कोरडा टॉवेल समोर दिसतो का, कचऱ्याचा डबा आहे का, दिव्याचं बटण कुठलं ते समजतं का? येणाऱ्याला या गोष्टी विचारायला लागल्या की तो संकोचतो. त्या न विचारता मिळाल्या की घर आपलंसं वाटतं. एवढं असलं की कोपऱ्यात मुलांचे ठोकळे पडलेले असले तरी कुणाला काही वाटत नाही. म्हणून फोन आला की सगळं घर उपसायला घेऊ नका. खुर्ची, पेल्याची जागा, बाथरूम आणि दारातली मोकळी फरशी, एवढ्याला वीस मिनिटं लागतात.

रविवारच्या चार तासांऐवजी रोज रात्री पंधरा मिनिटं ठेवा, गजर लावून, चौघांनी मिळून. गजर झाला की थांबायचं, काम राहिलं असलं तरी. हात फिरे तिथे लक्ष्मी फिरे म्हणतात, त्यातला हात रोजचा आहे. सवय २१ दिवसांत लागते असं सर्रास सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात ९६ जणांनी भाग घेतला होता, त्यात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, कुणाला १८, तर काहींच्या बाबतीत अंदाज थेट २५४ दिवसांवर गेला. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही दिसलं. घरात आजारपण असेल, परीक्षा असतील, तर ते आठवडे सोडून द्या.

कपाटाचा विचार दोन महिन्यांनी करा. तेव्हा हातात वही असेल आणि काय उरलंय ते माहीत असेल. आधी वस्तू मोजा, मग कपाट. हँगरवरच्या कपड्यांना आतून ५५ ते ६० सेंटिमीटर खोली लागते. घडीच्या कपड्यांना ४० पुरते, पुस्तकांना २५ ते ३०. याहून खोल फळीवर वस्तू दोन रांगांत जातात आणि मागची रांग विसरली जाते. वहीत जिथे सर्वांत जास्त खुणा झाल्या असतील ती भिंत मोजा, दार किंवा खण पूर्ण उघडल्यावर समोर उभं राहायला जागा उरते का ते बघा, आणि मगच दुकानात जा.